घर इंग्लंडात, हिशेब वॉशिंग्टनला

इंग्लंडमध्ये नोकरी करणाऱ्या अमेरिकन माणसाविषयी आपल्याकडील वाचकाला सहानुभूती वाटावी, असे सकृद्दर्शनी काही कारण दिसत नाही. भाषा थोड्याफार फरकाने तीच, पासपोर्ट जगात मानाचा, आणि स्वदेश सोडला तो पोटाची खळगी भरण्यासाठी क्वचितच. आखातातील उन्हात राबणाऱ्या आपल्या मजुराशी त्याची तुलना करणेही अप्रस्तुत ठरेल. तथापि या सुखवस्तू परदेशस्थाच्या दैनंदिन जीवनात एक बाब अशी आहे, की जिच्यामुळे नागरिक आणि राज्यसंस्था यांच्या नात्याविषयीच मूलभूत प्रश्न उभा राहतो. ती बाब म्हणजे त्याचा प्राप्तिकर.

लंडन वा मँचेस्टरला रुजू होणाऱ्या अमेरिकनाला पहिला धक्का बहुधा पगाराचा बसतो. त्याच कामाचे अमेरिकेत त्याला बरेच अधिक मिळाले असते. मग हळूहळू त्याच्या ध्यानी येते, की वेतनाचा काही भाग पाकिटाबाहेरही असतो. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याला ब्रिटिश कायद्याने वर्षाला २८ दिवस भरपगारी रजा मिळते, तर अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्यात खासगी नोकराला अशा एका दिवसाचीही हमी नाही. १९४८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या दवाखान्यात तो जातो, तेव्हा बाहेर पडताना बिल कोठे भरावयाचे, असे विचारण्याची त्याची सवय लवकर सुटत नाही. ही सेवा अर्थात फुकट नव्हे. २०२४ पासून प्रौढ माणसाला व्हिसासोबत दर वर्षामागे १,०३५ पौंडांचा आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो, आणि पगारातूनही कर व राष्ट्रीय विम्याची वर्गणी कापली जाते. परंतु जो देतो तो घेतोही, हा व्यवहार त्याला पटतो.

ही करकपातही मोठी सुटसुटीत असते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ साली, ब्रिटनने पगारातूनच कर वळता करून घेण्याची जी पद्धत स्वीकारली, तिच्यामुळे बहुसंख्य पगारदारांना विवरणपत्र भरावेच लागत नाही. शेजारच्या टेबलावरील इंग्रज कारकुनाचा कराशी संबंध पगारपत्रकावरील एका ओळीपुरता असतो. अमेरिकन सहकाऱ्याचा मात्र तेथे संपत नाही, कारण त्याला दरवर्षी वॉशिंग्टनलाही हिशेब द्यावयाचा असतो.

जगातील बहुतेक देश माणूस जेथे राहतो तेथे त्याच्यावर कर बसवतात. अमेरिका मात्र नागरिकत्वावर बसवते. तिच्या जोडीला या पंक्तीत बसणारा ठळक देश म्हणजे आफ्रिकेतील चिमुकला इरिट्रिया. या प्रथेचे मूळ १८६० च्या दशकातील यादवी युद्धात आहे. देश संकटात असताना परदेशी जाऊन बसलेल्या धनिकांना मोकळे सोडू नये, ही त्यामागील भावना समजण्याजोगी होती. युद्ध संपले, पण तत्त्व राहिले. मेक्सिकोत राहणाऱ्या एका अमेरिकनाने त्याला आव्हान दिले, तेव्हा १९२४ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की नागरिक कोठेही असो, त्याला राज्याचे संरक्षण लाभते, सबब कर घेण्याचा अधिकारही राज्याला आहे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. इंग्लंडमधील सामान्य अमेरिकन पगारदाराला दोन्हीकडे पूर्ण कर भरावा लागतो, असे नाही. परदेशी कमाईपैकी मोठी रक्कम, २०२५ सालासाठी १,३०,००० डॉलर, करातून वगळता येते. ब्रिटनमध्ये भरलेल्या कराची वजावट मिळते. दोन्ही देशांत करारही आहे. परिणामी बहुतेकांचे अमेरिकेला देणे शून्य निघते. मग तक्रार कशाची? तक्रार अशी, की ते शून्य सिद्ध करण्यासाठी दरवर्षी कागदांचा ढीग उपसावा लागतो. ब्रिटिश करवर्ष ६ एप्रिलला सुरू होते, अमेरिकन वर्ष १ जानेवारीला, म्हणून एकाच पगाराचे दोनदा तुकडे पाडावे लागतात. पौंडांचे डॉलर करावे लागतात. अमेरिकेबाहेरील खात्यांतील एकूण शिल्लक वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरपुढे गेली, तरी प्रत्येक खात्याची माहिती स्वतंत्रपणे कळवावी लागते, आणि ही मर्यादा कित्येक दशके महागाईबरोबर हललेली नाही. इंग्रज पत्नीबरोबरचे संयुक्त खाते असले, तर तिची शिल्लकही वॉशिंग्टनच्या दप्तरी जाते. मुलाच्या शाळेतील पालक संघाने त्याला खजिनदार केले आणि धनादेशावर सहीचा अधिकार दिला, तर त्या संघाचे खातेही याच हिशेबात येऊ शकते. सहकाऱ्यांनी बचतीसाठी उघडलेले ‘आयसा’ खाते ब्रिटनमध्ये करमुक्त आहे. अमेरिका ती करमुक्ती मानत नाही.

परदेशी बँकांत, विशेषतः स्विस बँकांत, पैसा दडवणाऱ्या अमेरिकन धनिकांची प्रकरणे गाजल्यावर २०१० साली ‘फॅटका’ कायदा झाला. जगातील बँकांनी आपल्या अमेरिकन खातेदारांची माहिती द्यावी, अन्यथा अमेरिकेतून येणाऱ्या त्यांच्या काही उत्पन्नातून ३० टक्के कपात होईल, असा हा बडगा होता. बड्यांपाशी वकील असतात. झळ बसली ती शिक्षक, परिचारिका, अभियंते यांना. युरोपातील कित्येक बँकांनी अमेरिकन खातेदार नकोतच, असे धोरण धरले. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती ही. माहिती न कळवल्याबद्दलचा दंडही जबर. रुमानियात परतलेल्या एका अमेरिकन नागरिकाला सरकारने पाच वर्षांतील २७२ खाते-नोंदींबद्दल २७ लाख २० हजार डॉलर दंड ठोठावला होता. हेतुपुरस्सर नसलेल्या चुकीचा दंड खात्यागणिक नव्हे, वार्षिक अहवालागणिक मोजावा, असे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवले आणि तो ५० हजारांवर आला. हा निकाल पाच विरुद्ध चार मतांनी झाला. जेथे न्यायाधीशांतच इतकी मतभिन्नता, तेथे सामान्य करदात्याला कायदा कळावा ही अपेक्षा कितपत रास्त?

अ‍ॅडम स्मिथच्या करविषयक चार कसोट्या आपल्या महाविद्यालयांतील प्रत्येक अर्थशास्त्राच्या वर्गात शिकवल्या जातात. ज्या ग्रंथात त्या आल्या, तो १७७६ साली, म्हणजे अमेरिकेने स्वातंत्र्य जाहीर केले त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. कर हा राज्याच्या छायेत मिळणाऱ्या उत्पन्नाच्या प्रमाणात असावा. तो निश्चित असावा. भरावयास सोयीचा असावा. आणि त्याच्या वसुलीचा भार माफक असावा. लंडनमधील अमेरिकनाला या कसोट्या लावून पाहा. ज्या रस्त्यावरून तो जातो, ज्या शाळेत त्याची मुले शिकतात, ज्या पोलिसाच्या भरवशावर तो निजतो, ती सारी ब्रिटनची. नियम इतके गुंतागुंतीचे, की करसल्लागाराविना पाऊल टाकता येऊ नये. सरकारच्या तिजोरीत शून्य, सल्लागाराच्या खिशात फी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

या पद्धतीच्या समर्थकांचे म्हणणेही ऐकले पाहिजे. परदेशस्थ अमेरिकनाला १९८६ च्या कायद्याने संघराज्यीय निवडणुकांत टपाली मतदानाचा हक्क आहे. वाटेल तेव्हा मायदेशी परतण्याचा हक्क आहे. संकटात दूतावासाचे दार ठोठावता येते. हे सारे खरे, आणि मोलाचेही. पण पासपोर्टचे शुल्क वेगळे घेतले जाते आणि संकटकाळी परदेशातून सुटका करतानाही सर्वसाधारणतः खर्च फेडण्याचे हमीपत्र लिहून घेतले जाते. राहिला मताधिकार. त्याची किंमत करात मोजावयाची, तर कर न भरणाऱ्या गरिबाचे मत काढून घ्यावे लागेल. ते कोणताही लोकशाहीवादी मान्य करणार नाही.

या पेचाचे सर्वांत बोलके उदाहरण बोरिस जॉन्सन यांचे. जन्म १९६४ साली न्यूयॉर्कमध्ये, म्हणून जन्मतः अमेरिकन; बालपणीच अमेरिका सुटली. लंडनमधील राहत्या घराच्या विक्रीवरील नफ्याला ब्रिटनमध्ये कर नव्हता. अमेरिकेने मात्र मागितला. लंडनचे महापौर असताना, २०१४ साली, तो भरण्यास त्यांनी जाहीर नकार दिला. पुढे त्यांनी तो भरल्याचे वृत्त आले, आणि २०१६ साली त्यांनी अमेरिकन नागरिकत्वच सोडले. याच लंडनमध्ये शहराच्या मध्यभागी मोटार आणल्यास २००३ पासून गर्दी-शुल्क द्यावे लागते. अमेरिकन दूतावास ते देत नाही. हा कर आहे, आणि राजनैतिक संकेतानुसार दूतावासाकडून कर घेता येत नाही, असा त्याचा दावा आहे. लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने २०२४ साली जाहीर केलेली ही थकबाकी १ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक होती. परभूमीतील कराविषयी स्वतः इतके दक्ष असलेले सरकार त्याच भूमीत राहणाऱ्या आपल्या नागरिकाच्या पगाराचा मात्र पाठपुरावा सोडत नाही!

हा प्रश्न साता समुद्रापलीकडचा म्हणून सोडून देण्याजोगा नाही. आपल्या बँकेत वा म्युच्युअल फंडात खाते उघडताना ‘फॅटका’च्या घोषणापत्रावर आपणही सही करतो. भारताने २०१५ साली अमेरिकेशी केलेल्या कराराचे ते फळ आहे. मुलगा अमेरिकेत नोकरीला, नातू तेथे जन्मलेला, आणि पुढे सारे कुटुंब पुण्यास परतलेले, अशी घरे आज मराठी मध्यमवर्गात विरळा नाहीत. आजोबांनी नातवाच्या नावे हौसेने घेतलेला फंडही त्या कायद्याच्या कक्षेत येतो, हे कित्येकांच्या गावीही नसते.

आपला प्राप्तिकर मुख्यतः वास्तव्यावर आधारलेला आहे, हे आपले शहाणपण होय. २०२० च्या अर्थसंकल्पात, कोणत्याच देशाचे करदाते नसलेल्या भारतीय नागरिकांना निवासी मानण्याची सूचना आली, तेव्हा आखातात काम करणाऱ्या कोकणातील आणि केरळातील कुटुंबांच्या पोटात गोळा आला. तेथील पगारावर कर बसणार नाही, असा खुलासा सरकारला लगोलग करावा लागला, आणि भारतातील उत्पन्न १५ लाखांहून अधिक असणाऱ्यांपुरतीच ती तरतूद उरली. करबुडव्यांना पकडावे, अवश्य पकडावे. परंतु त्या जाळ्याची वीण अशी असावी, की त्यात मासा सापडावा आणि पाण्यावर जगणारे इतर जीव सुटावेत. नागरिकत्व हे जिव्हाळ्याचे नाते आहे. लंडनमध्ये सुखाने नांदणारा माणूस केवळ हिशेबाच्या जाचाने ते नाते तोडू लागतो, तेव्हा चूक त्या माणसात शोधण्यापूर्वी कायद्यात शोधावी, हे बरे.