कायदा झाला, मग पाड्यावर का नाही आला?



परवा आमच्या पाड्यावर गार्ड आला. म्हणाला, "कायदा-बियदा काय नाय, प्लॉट सोडा." आपली माणसं गप्प बसली. संसद कशी चालते हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही, म्हणून गप्प.

तर ऐका. १३ डिसेंबर २००५ ला सरकारने वनहक्काचं विधेयक लोकसभेत मांडलं. त्यात २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून कसणाऱ्यांनाच हक्क होता. विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं. आपण मोर्चे काढले, निवेदनं दिली. शेवटी १९८० ची अट जाऊन १३ डिसेंबर २००५ आली. अडीच हेक्टरचे चार हेक्टर झाले. १५ डिसेंबर २००६ ला लोकसभेने, १८ ला राज्यसभेने मंजुरी दिली. २९ ला राष्ट्रपतींची सही झाली.

मग अडलं होतं कुठं? कायद्यातच लिहिलंय, केंद्र सरकार जाहीर करील त्या दिवसापासून तो लागू. २००७ मध्ये दहा महिने झाले, तरी सरकार तो दिवसच जाहीर करत नव्हतं! खासदारांनी मंजूर केलेला कायदा मोठा, की मंत्र्याच्या टेबलावरची फाईल मोठी?

काही जण म्हणतात, दिल्लीचं दिल्लीवाले बघतील. चूक आहे. खासदार आपल्या मतावर दिल्लीला जातो. सरकारला जाब विचारणं हे त्याचं कामच आहे. हिवाळी अधिवेशनाआधी गावसभा घ्या. ठराव करा. सह्या-अंगठे घेऊन त्याच्या हातात द्या आणि विचारा, कायदा पाड्यावर कधी येणार?

तोवर प्लॉट सोडायचा नाय. जिंदाबाद!