अरण्याचे सेवक आणि अरण्याचे शेजारी

मुंबईच्या उत्तर सीमेवर सुमारे १०३ चौरस किलोमीटरचे एक अरण्य आजही उभे आहे. कान्हेरीची लेणी, विहार व तुळशी हे शहराला पाणी पुरविणारे जुने तलाव आणि दाट वस्तीला खेटून नांदणारे बिबटे, असे हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. येथे सुटीच्या दिवशी प्लास्टिकचा कचरा वेचणारी, विद्यार्थ्यांना झाडाझुडपांची ओळख करून देणारी, वन खात्याला साहाय्य करणारी स्वयंसेवकांची पथके दिसतात. प्रत्येक सेवेची किंमत बाजारात ठरू लागली असताना तरुण मुले विनामोबदला श्रम करतात, हे स्वागतार्हच होय. श्रमदानाचा संस्कार रुजविण्यात ज्या चळवळीचा मोठा वाटा आहे, तिने तर या कामाकडे आपुलकीने पाहिले पाहिजे. परंतु आपुलकीबरोबर चिकित्साही हवी. अरण्य राखण्याचा लाभ कोणाला मिळतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न टाळून कोणतीही सेवा पुरी होत नाही.

या उद्यानातील स्वयंसेवी कार्याचा सर्वांत फलदायी अध्याय २०११ साली सुरू झाला. २००४ साली बिबट्यांच्या हल्ल्यांत अनेक माणसे मृत्युमुखी पडली होती. बिबट्या दिसला की पिंजरा लावा आणि दूर नेऊन सोडा, हीच मागणी सर्वत्र होत असे. जुन्नर परिसरातील अभ्यासातून विद्या अथ्रेया व त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपायाचा फोलपणा दाखवून दिला. पकडलेले बिबटे जेथे सोडले गेले, तेथे माणसांवरील हल्ले वाढले होते. उद्यानाच्या प्रशासनाने त्यांच्या सहकार्याने 'मुंबईकर्स फॉर एसजीएनपी' हा उपक्रम आरंभिला. संशोधक, विद्यार्थी व सामान्य नागरिक त्यात सहभागी झाले. वस्त्यांतून सभा झाल्या, वृत्तपत्रांशी संवाद झाला. २०१५ च्या छायाचित्रण-गणनेत उद्यान व त्याच्या परिसरात ३५ बिबटे आढळले. त्यांच्या आहारात भटक्या कुत्र्यांचा वाटा लक्षणीय आहे, हेही अभ्यासातून पुढे आले.

या शोधाचा सामाजिक अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. कुत्री उकिरड्यावर पोसली जातात, आणि जेथे महानगरपालिकेची कचरागाडी नियमित पोहोचत नाही तेथे उकिरडे वाढतात. घरात शौचकूप नसल्याने अंधारात झुडपांकडे जावे लागते ते झोपडीतील स्त्रियांना आणि मुलांना. उंच इमारतीच्या सज्जातून ज्याला अरण्याची शोभा दिसते, त्याच्या घराची किंमत त्या शोभेमुळे वाढते. बिबट्याचे भय मात्र पायथ्याच्या वस्तीच्या वाट्याला येते. २०२२ च्या दिवाळीत आरे वसाहतीत सोळा महिन्यांची एक बालिका बिबट्याच्या हल्ल्यात प्राणास मुकली. लाभ सर्वांचा आणि जोखीम काहींची, अशी ही वाटणी आहे. ती निसर्गाने केलेली नाही. नगरव्यवस्थेने केली आहे.

या अन्यायाला इतिहासही आहे. एका पर्यावरणवादी संस्थेच्या याचिकेवर १९९७ साली उच्च न्यायालयाने उद्यानातील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश दिला. त्यानंतरच्या काही वर्षांत हजारो झोपड्या पाडण्यात आल्या. १९९५ पूर्वीचा पुरावा आणि वर सात हजार रुपयांचा भरणा करू शकणाऱ्यालाच पर्यायी घराचा हक्क मिळाला. हातावर पोट असलेल्या कित्येकांना तेवढे पैसे जमविणेही अशक्य होते. ज्या वारली पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या वाघोबाची पूजा होत आली, तेथील आदिवासींनाही स्वतःच्या भूमीवर आपण अतिक्रमक नाही हे सिद्ध करीत बसावे लागले. निसर्गप्रेम आणि गरिबांचा द्वेष यांची गल्लत होऊ शकते, हा त्या कालखंडाचा कटू धडा आहे.

दुसरा धोका शासनाकडून आहे. फुकट मिळणारे श्रम दिसले की आपली जबाबदारी अंगाबाहेर टाकण्याचा मोह कोणत्याही सरकारला होतो. जंगलाची रात्रंदिवस राखण, वणव्याशी झुंज, जखमी जनावराची सुटका, ही कष्टाची व जोखमीची कामे आहेत. ती करणाऱ्या वनमजुरास कायम नोकरी व पुरे वेतन मिळणे हा त्याचा हक्क आहे. स्वयंसेवकाची टोपी त्याची जागा घेऊ शकत नाही. शिवाय एकीकडे नागरिकांनी रोपे लावावीत आणि दुसरीकडे २०१९ च्या ऑक्टोबरात आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांवर झाडे रातोरात तोडली जावीत, ही विसंगती कोणाच्याही नजरेतून सुटणार नाही. त्या रात्री झाडांसाठी रस्त्यावर उतरून अटक पत्करणारी तरुण मंडळीही स्वयंसेवकच होती. त्यांना प्रशस्तिपत्रे मिळाली नाहीत, खटले मिळाले.

म्हणून कार्यकर्त्यांनी या पथकांपासून दूर राहू नये. त्यांत जावे आणि त्यांची दिशा विस्तारावी. कचरा वेचणाऱ्या पथकाने रविवारी पोती भरावीत आणि सोमवारी महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात कचरागाडी, रस्त्यावरचे दिवे व शौचालये यांची मागणी घेऊन जावे. पाड्यांवरील तरुणांना मार्गदर्शक म्हणून सन्मानाचे व वेतनाचे काम मिळावे, असा आग्रह धरावा. २००६ च्या वनहक्क कायद्यातून राष्ट्रीय उद्याने वगळलेली नाहीत. तेथील आदिवासींचे दावे तयार करण्यास साहाय्य करणे हीदेखील अरण्याचीच सेवा होय. बिबट्या आणि झोपडीतील बालक या दोघांची सुरक्षितता एकाच दिव्यावर, एकाच शौचालयावर अवलंबून आहे. तो दिवा लागेपर्यंत स्वयंसेवकांचे काम अपुरेच राहील.