पलट्यांचा कंटाळा



गेल्या स्नेहसंमेलनातील एक प्रसंग तुमच्यापैकी अनेकांना स्मरत असेल. दहावीच्या एका विद्यार्थिनीचे भावगीत चालले होते आणि साथीला तिच्याच वर्गातील एक मुलगा गिटार घेऊन बसला होता. दोन कडव्यांमधला तुकडा त्याने एकट्याने वाजवावयाचा, असे ठरले होते. तालमीत तो तुकडा त्याने इतका सफाईदार वाजविला होता की, आम्ही शिक्षकही माना डोलावीत होतो. परंतु त्या दिवशी मुलीचा घसा बसला. तिने नेहमीची काळी पाच सोडून काळी चार धरली. मुलाने आपला हात दोन पडदे अलीकडे घ्यावयाचा होता, इतकेच. त्याला ते साधले नाही. तो थांबला, पुन्हा आरंभ केला, पुन्हा थांबला. मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. पुढे कित्येक दिवस त्याने गिटारला हात लावला नाही.

मी त्याला विचारले, "स्वरांचा सराव करतोस काय?" तो म्हणाला, "सर, त्याचा कंटाळा येतो. मोबाईलवर पाहून बोटे कोठे ठेवायची ते पाठ करतो." ह्यात मी त्याला फारसा दोष देत नाही. महाविद्यालयात असताना मीही हेच केले. चार गाण्यांचे चार तुकडे पाठ होते. पाचवे गाणे आले की माझी गिटार मुकी!

बेळगावजवळच्या सुळेभावी येथे 1924 साली जन्मलेला शिवपुत्र कोमकळी हा मुलगा ध्वनिमुद्रिका ऐकून थोर गवयांचे गाणे हुबेहूब गाऊन दाखवीत असे. 'कुमार गंधर्व' ही पदवी त्याला त्या कोवळ्या वयातच मिळाली. नकलेवरच भागत असते, तर त्याला अधिक शिकण्याचे कारण काय होते? तरीही त्याला मुंबईस प्रा. बी. आर. देवधर ह्यांच्याकडे धाडण्यात आले आणि तेथे त्याने वर्षानुवर्षे विद्या घेतली. पुढे कुमारांचे गाणे कोणाचीच नक्कल राहिले नाही.

माझी मातृभाषा कोंकणी. म्हणून गोव्याचीही साक्ष काढतो. पोर्तुगीज अमदानीत तेथे चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. त्या मातीतले कितीतरी वादक मुंबईच्या चित्रपटांतील वाद्यवृंदांत गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी'तील गाण्यात त्यांचे नाव आले, ते ह्या शिष्याच्या कृतज्ञतेने.

मात्र 'सारेगम'ची शिडी भराभर चढून उतरणे म्हणजे सराव, असे मी म्हणत नाही. तो व्यायाम बोटांचा झाला, कानाचा नव्हे. भूप आणि देशकार ह्या दोन रागांचेच पाहा. दोहोंत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. गिटारच्या विलायती पुस्तकांतही ही पाच स्वरांची माळ हटकून आढळते. परंतु भूप गंधारावर विसावतो, देशकार धैवताला कवटाळतो. एक रात्रीचा राग, दुसरा सकाळचा. म्हणजे केवळ स्वर ठाऊक असून भागत नाही. कोठे थांबावे आणि कोणत्या स्वराला मान द्यावा, हे कळावे लागते. एकट्याने वाजवावयाच्या तुकड्याचे सारे सौंदर्य ह्या थांबण्यात आहे, आणि आमची मुले नेमकी तेथेच धावत सुटतात.

म्हणून त्या मुलाला मी एवढेच सांगितले की, महिनाभर हे पाचच स्वर घे. 'सारेग, रेगप, गपध, पधसां' असा पलटा विलंबित लयीत, तोंडाने म्हणत वाजव. जे गळ्यातून निघत नाही ते बोटांना सांगू नकोस. मग तोच पलटा एकाच तारेवर वाजव, म्हणजे कोणता स्वर किती पडद्यांवर आहे ते डोळ्यांना दिसेल. नंतर रोज षड्ज बदल: आज काळी चार, उद्या काळी पाच. शेवटी पाच मिनिटे त्या स्वरांतून स्वतःचे काही जुळव, वाईट झाले तरी चालेल. (मोबाईल हवाच असेल, तर त्यातला तबला लाव.)

पालकांनी ह्यावर दहावीच्या वर्षाची आठवण करून दिली, तर ती रास्त आहे. पण वीस मिनिटांनी परीक्षा बुडत नाही. माझी तक्रार खरे तर आम्हा शिक्षकांविरुद्ध आहे. ज्या बेळगावात पं. रामभाऊ विजापुरे (1917–2010) ह्यांच्यासारख्या पेटीवादकाने विद्यार्थी घडविले, त्याच परिसरातील आपल्या शाळेत प्रार्थना संपताच पेटी कुलुपात जाते. मधल्या सुटीत ती संगीताच्या हौशी मुलांसाठी उघडी ठेवावी, असा अर्ज मी मुख्याध्यापकांकडे दिला आहे. किल्ली सांभाळण्याची जबाबदारी माझी.

तो मुलगाही येतो म्हणाला आहे. येत्या संमेलनात मात्र वाजवणार नाही, असे त्याने आधीच बजावून ठेवले आहे. मी होकार दिला आहे. परंतु कार्यक्रमपत्रिकेत त्याच्यासाठी एक ओळ मोकळी ठेवली आहे.