काळी मैना आणि जेसीबी

ऑफिसात कुणाचा तरी बर्थडे. पेस्ट्री येते आणि तिच्यावरची लालभडक चेरी पटकावण्यासाठी दोन सीनियर मॅनेजर शाळकरी पोरांसारखे भांडतात. हा सीन तुमच्याकडेही होतो ना? मग एक गंमत सांगू? ती चेरी पुष्कळदा चेरी नसतेच. ते असतं आपलं करवंद! कच्चं असताना तोडलेलं, बी काढलेलं, साखरेच्या पाकात मुरवलेलं आणि लाल रंगात बुडवलेलं. मसाला पानाला टोचलेली चेरीसुद्धा बऱ्याचदा तीच!

म्हणजे बघा, वीकएण्डला घाटात ज्या काटेरी झुडपात आपली जीन्स अडकते आणि आपण त्याला शिव्या घालतो, ते सोमवारी आपल्याच प्लेटमध्ये ऐटीत बसलेलं असतं.

तर आजचा विषय करवंद. लिहायचं कारण घरगुती आहे. या झुडपाचं आम्ही काही देणं लागतो.

बाबा रिटायर झाले २०१८मध्ये. फंडाच्या पैशातून त्यांनी भोरजवळ अकरा गुंठ्यांचा एक उताराचा प्लॉट घेतला. सेकंड होम वगैरे शब्द माझे, बाबा त्याला नुसतं 'जागा' म्हणतात. जागा घेतल्यावर पहिलं काम काय? सगळ्यांनी एकच सल्ला दिला, "आधी क्लीन करून घ्या." २०१९च्या डिसेंबरात जेसीबी आला. चार तासांत सगळी झुडपं साफ! मी बिफोर-आफ्टर फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले आणि खाली स्वतःच 'वॉव' लिहिलं. मग लोखंडी अँगल ठोकून काटेरी तार ओढली आणि आत हापूसची आठ कलमं लावली.

पुढे लॉकडाऊन. २०२०च्या दिवाळीआधी आम्ही परत गेलो, तेव्हा तार गायब होती. अँगलसुद्धा! आणि कलमांच्या जागी आठ काड्या. गावातल्या शेळ्यांनी पार्टी केली होती. पक्क्या कंपाउंडचा आकडा विचारला, तो ऐकून बाबांनी फाइल शांतपणे कपाटात ठेवून दिली. आईला एवढंच म्हणाले, "बघू पुढं."

त्यानंतर जून २०२१. लॉकडाऊन नुकताच सैल झाला होता. भोरच्या पुढे घाटाच्या एका वळणावर एक मावशी पाटी घेऊन बसलेल्या. पानांचे द्रोण आणि त्यात काळी कुळकुळीत करवंदं. डोंगरची काळी मैना! बाबांनी गाडी थांबवली. द्रोण हातात घेतला आणि माझ्यासमोर एक करवंद फोडून विचारलं, "कोंबडा की कोंबडी?" आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. लहानपणी खेळला असाल, तर आत्ता गालात हसत असाल!

मावशींनी सहज चौकशी केली, जागा कुठं आहे. बाबांनी खुणा सांगितल्या. ओढ्याच्या वर, मोठ्या जांभळीजवळ.

"त्यो व्हय!" मावशी म्हणाल्या. "तिथली जाळी माझ्या आईच्या टायमाची, दादा. समदी करवंदं तिथनंच काढायचो आम्ही. आता दोन डोंगर चढून जावं लागतंय."

त्या तक्रार करत नव्हत्या, हे मला जास्त लागलं. एसटीचा थांबा पुढे सरकल्यासारखं त्या सांगत होत्या. चैत्र-वैशाखातले ते दोन महिने म्हणजे त्यांच्या हातात येणारा रोख पैसा. आणि तो आम्ही चार तासांत 'क्लीन' केला होता. पैसे मोजून!

हिशोबच करा. कुंपण आधीपासून उभं होतं, फुकटात. ते काढायला आम्ही पैसे दिले. त्याच्या जागी तारेचं कुंपण करायला पुन्हा पैसे दिले. ते चोरीला गेलं. करवंदाची जाळी कोण चोरणार? जोडीजोडीने उगवणारे कडक काटे, पान तोडलं की पांढरा चीक आणि फांद्यांची अशी गुंतवळ की गुरंसुद्धा आत शिरायला दहादा विचार करतील.

बाबा थोडे अडखळले. मग म्हणाले, "ताई, परत लावता येईल का ती?"

मावशी हसल्या. "खावा आन् बिया टाकू नका. पर आत्ताच लावा. ठिवून दिल्या तर उगवत न्हाईत."

शंभर टक्के खरं, बरं का. करवंदाचं बी फार टिकत नाही. गर धुऊन काढायचा, सावलीत जरा सुकवायचं आणि लगेच पेरायचं. आम्ही पुण्यात गॅलरीत शंभर पिशव्या भरल्या. लाल माती, वाळू, थोडं शेणखत. ऐंशीएक रोपं उगवली. वर्षभर ती कपड्यांच्या स्टॅण्डखाली वाढली आणि जून २०२२च्या पहिल्या पावसानंतर बाबांनी आणि मी दोन बाजूंना, तीन-तीन फुटांवर, सत्तर रोपं लावली. मुरमाड जमीन, उतार, पाणी थांबत नाही. करवंदाला हेच आवडतं. चिखलात उभं राहणं त्याला जमत नाही.

मात्र दुष्काळात तग धरतं म्हणजे पहिल्या दिवसापासून धरतं असं नाही. मूळ खोल जाईपर्यंत लाड करावे लागतात. २०२३च्या उन्हाळ्यात दर रविवारी गावातल्या हापशावर वीस-वीस लिटरचे सात कॅन भरायचे आणि रोपाला दोन-दोन लिटर घालायचे. बुंध्याशी पालापाचोळा पसरायचा, भोवती बाभळीच्या फांद्या रोवायच्या. माझ्या फ्रेण्ड्सचा संडे ब्रंच आणि माझे कॅन! एवढं करूनही एकोणीस रोपं गेली. पावसाळ्यात उरलेल्या रोपांनी नांग्या भरल्या. पुढच्या उन्हाळ्यात पाणी महिन्यातून एकदाच घातलं. त्यानंतर बंद.

फेब्रुवारी २०२५मध्ये बाबांचा फोन आला, मी मीटिंगमध्ये असताना. "फुलं आलीत. जाईसारखा वास आहे." एवढंच. फोन कट. आणि मे महिन्यात करवंदं. फार नाही, दोन द्रोण भरतील इतकी. मी मावशींना बोलावून आणलं. त्यांनी एक तोंडात टाकलं, जरा तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "आंबट हाय. दोन वर्सं थांबा." बाबांनी त्यांना सांगितलं, कुंपणाच्या बाहेरच्या अंगाची सगळी करवंदं तुमची, विचारायचं नाही. मावशींनी मान हलवली. आधी त्या विचारत नव्हत्याच की!

गोष्ट इथे संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण आता आसपासच्या प्लॉटवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप झालाय. तिथे प्रस्ताव आहे की सगळ्यांनी मिळून जेसीबी बोलवावा, उरलेली झुडपं काढावीत आणि एकसारखी भिंत बांधावी. लूक चांगला येईल, रेटही कमी पडेल. ग्रुपवर एरवी फक्त 'सुप्रभात' टाकणाऱ्या बाबांनी परवा अर्धा तास खपून मेसेज टाईप केला, 'आमच्या बाजूला हात लावू नये. तुमच्याकडे जाळी असेल तर मे महिन्यापर्यंत थांबा, मग ठरवा.' तीन अंगठे आले, बाकी सगळे गप्प. चार प्लॉट सोडून एक जुनी जाळी अजून उभी आहे. मावशी सध्या तिथून काढतात. तिचं काय होणार, अजून ठरलेलं नाही.

तुमच्यापैकी कितीजण ईएमआय भरून असाच 'क्लीन' प्लॉट घ्यायच्या बेतात आहेत, मला माहितेय. जेसीबीवाल्याला फोन करण्याआधी एकदा उन्हाळ्यात त्या जागेवर चक्कर मारा. काय उभं आहे ते बघा आणि तिथे कोण येतं तेही विचारा.

भेटू पुढच्या आठवड्यात!

करून बघा

• कुंपणासाठी रोपं तीन फुटांवर, पावसाच्या सुरुवातीला लावा. बियांपासून फळ यायला साधारण तीन-चार वर्षं लागतात. मोठी फळं हवी असतील तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोंकण बोल्ड' ही जात विचारा.

• टेरेसवर मोठ्या कुंडीतही लावता येतं, पण कडक ऊन मस्ट! छाटणी करताना जाड हातमोजे घाला.

• कच्ची करवंदं चिरण्याआधी हाताला तेल लावा, नाहीतर चीक चिकटतो. चिरून मिठाच्या पाण्यात ठेवली की चीक निघून जातो. मग मिरची, ओलं खोबरं, गूळ, मीठ घालून वाटा. चटणी तय्यार!

• जॅम करणार असाल तर अर्धवट पिकलेली करवंदं घ्या. त्यांत पेक्टिन भरपूर असतं, त्यामुळे जॅम छान घट्ट होतो.