नखाएवढ्या चित्रातली बाई

व्हिडिओ गेमच्या दुकानातल्या चित्रांवर आपल्या अंकात लेख, म्हटल्यावर काही मैत्रिणींच्या कपाळावर आठी पडेल. पाणी, रेशन, मारझोड हे विषय संपले का, असंही कुणी विचारेल. संपलेले नाहीत. पण सिनेमाच्या पोस्टरांना डांबर फासणाऱ्या आपणच होतो ना? जाहिरातीतली बाई या विषयावर आपण शिबिरांमागून शिबिरं घेतली. स्त्रियांच्या असभ्य चित्रणाला बंदी घालणारा कायदा १९८६ साली आला, त्याच्या मागेही बायकांच्या संघटनांचा रेटा होता. तेव्हाचं चित्र वीस फुटी होतं आणि चौकात उभं होतं. आता ते अंगठ्याच्या नखाएवढं झालंय आणि ज्याच्या त्याच्या हातातल्या पडद्यावर सुटं सुटं दिसतं. त्यावर मोर्चा कुठे नेणार?

मी अशी चित्रं काढून पोट भरते, म्हणून त्यांची आतली बाजू सांगते. कॉम्प्युटरवरच्या गेमचं सगळ्यात मोठं ऑनलाईन दुकान म्हणजे अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीचं ‘स्टीम’. २०१७ पासून तिथे शंभर डॉलर भरून कुणालाही आपला गेम विकायला ठेवता येतो. दोन-तीन जणींच्या गटालाही. दार उघडं झालं हे चांगलंच, पण आत जत्रा आहे. आणि या जत्रेत तुमच्या तीन वर्षांच्या कष्टांचं पहिलं दर्शन घडतं ते एका चिमुकल्या चित्रातून. स्टीमवर त्याला कॅप्सूल म्हणतात. शोधयादीत ती कॅप्सूल १२० बाय ४५ पिक्सेल एवढी उरते. त्यात बाईचा चेहरा तांदळाच्या दाण्याएवढाही नसतो. डोळ्यातले भाव, साडीवरची नक्षी, मागचा डोंगर सगळं विरघळून जातं. शिल्लक राहतात ते दोन-तीन रंगांचे मोठे डाग, आकृतीची बाह्यरेषा आणि नाव.

इथेच आपल्या विषयाची गाठ आहे. बाह्यरेषाच उरते म्हटल्यावर बाजार लगेच सांगतो, मग बाईची कंबर बारीक करा, छाती पुढे काढा, तिला पाठमोरी उभी करून मान वळवायला लावा, म्हणजे लांबूनही ‘बाई’ म्हणून कळेल. हे तांत्रिक कारण म्हणून सांगितलं जातं आणि ऐकणाऱ्या मुलींना ते खरंही वाटतं. मला ते मुळीच पटत नाही. डोक्यावर हंडा असलेली आकृती लांबून ओळखू येत नाही? पदर खोचून वाकलेली? सायकलवर दोन्ही बाजूंना पिशव्या लावलेली? आपल्या गावच्या बायका आपण चेहरा दिसायच्या कितीतरी आधी चालण्यावरून आणि ओझ्यावरून ओळखतो. काम करणाऱ्या शरीराला स्वतःची रेषा असते. ती काढायला मात्र ते शरीर कधीतरी नीट पाहिलेलं असावं लागतं.

‘बाई पुढे ठेवली की गेम खपत नाही’ ही दुसरी समजूत. २०१३ सालचे दोन मोठे गेम घ्या. ‘बायोशॉक इन्फिनिट’मध्ये एलिझाबेथ ही मुलगी कथेचा कणा आहे, पण वेष्टणाच्या दर्शनी बाजूवर फक्त बंदूक घेतलेला पुरुष. गेमची माहिती नसलेल्या कॉलेजातल्या पोरांनी तो उचलावा म्हणून असं केलं, हे त्याच्या कर्त्यानं उघडपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या ‘द लास्ट ऑफ अस’च्या बाबतीत एली या मुलीला मागे ढकला, असं सुचवलं गेलं होतं. नॉटी डॉगच्या मंडळींनी साफ नकार दिला. एली पुढेच राहिली, आणि तो गेम प्रचंड खपला. नकार देण्याएवढं वजन त्यांच्याकडे होतं, हेही खरं. छोट्या गटाकडे ते नसतं.

माझ्या ओळखीच्या दोन मुली एक छोटा गेम करताहेत. आईवडील ऊसतोडीला गेल्यावर मागे घर, शाळा आणि धाकटा भाऊ सांभाळणाऱ्या तेरा वर्षांच्या मुलीचा. चित्रात त्यांनी ती मुलगी भावाला कडेवर घेऊन दारात उभी केली होती. एका प्रकाशकानं (गेमलाही प्रकाशक असतात) सुचवलं की भाऊ काढा, मुलगी चार-पाच वर्षांनी मोठी करा, रंग जरा उजळ घ्या. यावर आपण सगळ्याजणी भडकू. पण दुसरी सूचना आली ती आपल्यातल्याच एका संस्थेकडून. तिच्या गालावर अश्रू दाखवा, मागे अंधार करा, म्हणजे प्रश्नाचं गांभीर्य कळेल, आणि खाली संस्थेचं बोधचिन्ह टाका. हे वाचून मला जास्त त्रास झाला. गुडघ्यात डोकं घातलेली, केस मोकळे सोडलेली, चेहरा नसलेली बाई आपल्या किती पत्रकांवर, किती अहवालांच्या मुखपृष्ठांवर बसली आहे, एकदा मोजून पाहा. मोबाईलवर फुकट खेळांच्या जाहिराती येतात, त्यात नवऱ्यानं घराबाहेर काढलेली बाई मूल घेऊन थंडीत कुडकुडत असते आणि आपण बोट लावलं की तिचं घर दुरुस्त होतं. दया हेही आमिषच आहे आणि बाजार ते आपल्यापेक्षा चांगलं वापरतो.

कोलकात्याच्या कलावंत लीना केजरीवाल यांनी वेगळं काही केलं. मुलींच्या व्यापारावरच्या त्यांच्या ‘मिसिंग’ या प्रकल्पात मुलीची सपाट काळी आकृती आहे, जणू आकाशातून तेवढा तुकडा कापून नेलाय. शहरांच्या भिंतींवर ती रंगवली गेली आणि २०१६ साली याच विषयावरचा मोबाईल गेमही आला. त्या आकृतीत अश्रू नाहीत, आणि चवीनं पाहण्यासारखंही काही नाही. नखाएवढी केली तरी ती मुलगीच राहते.

आता थोडं कारागिरीचं, कारण नुसतं चिडून चित्र सुधारत नाही. स्टीमनं १ सप्टेंबर २०२२ पासून नियम केला की कॅप्सूलवर गेमचं चित्र, नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढंच हवं. पुरस्कार, स्तुतीची वाक्यं, सवलतीचे आकडे बंद. म्हणजे आपली घोषणा आणि बोधचिन्हंही तिथे चालणार नाहीत, आणि एका परीनं बरंच झालं. पोस्टरवर अकरा संघटनांची नावं टाकण्याची आपली खोड तरी मोडेल. नाव देवनागरीत असेल तर अडचण वेगळी. पंचेचाळीस पिक्सेलच्या उंचीत वेलांट्या वर जागा खातात, उकार खाली खातात, आणि मधलं अक्षर पिचतं. म्हणून नाव छोटं असावं आणि त्यात उकार कमी असावेत. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा २०२० सालचा ‘राजी’ हा गेम भावाला शोधत त्रिशूळ घेऊन निघालेल्या मुलीचा आहे. हे नाव देवनागरीत लिहिलं तर दोन अक्षरांत संपतं.

गूगलच्या दुकानात तर दोन वेगवेगळी चित्रं वेगवेगळ्या लोकांना दाखवून कुठल्या चित्रामुळे जास्त जण गेम उतरवून घेतात ते मोजता येतं. मग आकडाच बोलतो म्हणून उघडी बाई निवडली जाते. पण बोट लावणं म्हणजे खेळणं नव्हे. स्टीमवर दोन तासांहून कमी खेळलेला गेम चौदा दिवसांत परत करून पैसे मागता येतात. कंबर पाहून आलेल्या गिऱ्हाईकाला आत भाकऱ्या थापणारी मुलगी भेटली तर तो गेम परत करील, वर शिव्याही लिहून जाईल. आणि जिला तो गेम खरंच आवडला असता, ती चित्र पाहूनच पुढे सरकलेली असेल. हे दुहेरी नुकसान कुठल्याच तक्त्यात दिसत नाही.

गटांना माझं सांगणं आहे की हे चित्र शेवटच्या आठवड्यात, रात्री जागून, ‘तुला जमतं ना, काढून टाक’ म्हणून गटातल्या एकीवर ढकलू नका. त्याचे पैसे आधीच वेगळे काढा. ते छोटं करा, रंग काढून टाका, वीस अनोळखी चित्रांच्या मध्ये ठेवा आणि बचत गटाच्या बैठकीत, उन्हात, तडा गेलेल्या मोबाईलवर दाखवा. ‘कशी दिसते?’ असं विचारू नका. ‘ही काय करतेय?’ असं विचारा.

त्या दोघींनी असंच विचारलं. बैठकीतल्या बायकांना दार दिसलं नाही, भावाचं डोकं मुलीच्या खांद्यातच मिसळलं होतं. ‘पोतं आहे का कडेवर?’ असं एकीनं विचारलं. आता भावाला लाल स्वेटर घातलाय, त्याचा एक पाय मोकळा लोंबकळतोय, दार काढून टाकलंय आणि मुलगी पूर्वीइतकीच सावळी, तेरा वर्षांची आहे. प्रकाशकाकडून अजून उत्तर आलेलं नाही.