पिकअपला झडप नको, नटच बरा

संपादक महोदय,


पिकअपच्या ऑइल चेंबरला तेल उतरवायच्या नटाऐवजी खटक्याने उघडणारी झडप बसवावी, ही आपल्या पत्रलेखकाची सूचना उमरखेड तालुक्यातल्या गाड्यांना मानवणारी नाही. पान्याविना तेल उतरते, आटे झिजत नाहीत, हे खरेच. पण हा फायदा हजारो किलोमीटरमागे एकदा मिळतो आणि झडप मात्र रोज चेंबरखाली लोंबते. इथली पिकअप सोयाबीन, हळद भरून पैनगंगाकाठच्या काळ्या मातीतून निघते. चाकोऱ्या खोल, मधला उंचवटा वाळून टणक झालेला. धुऱ्यावरचा दगड किंवा पऱ्हाटीचे धसकट आधी लागेल ते सर्वांत खाली आलेल्या भागालाच. तेल सांडले, की दाब जातो आणि गाडी तशीच हाकली तर काही मिनिटांत बेअरिंग धरते. हंगामात इंजिन खोलणे कोणाला परवडते?

झडपेला खाचेचे कुलूप आणि वर क्लिप असते, असे कोणी म्हणेल. त्याने खटका आपोआप फिरत नाही, एवढेच. दगडाच्या धक्क्याने झडपच मोडली तर कुलूप काय करणार? आट्यांची काळजी असेल, तर दर वेळी नवा तांब्याचा वायसर घालावा, नट आधी हाताने फिरवावा, मग बेताने आवळावा. आटे बहुधा बेसुमार आवळल्यानेच जातात. चेंबरखाली जाड पत्रा असलेल्या, डांबरी रस्त्यावरच धावणाऱ्या गाडीला झडप खुशाल लावावी.

आपला,
एक वाचक, उमरखेड