वफ्राहून गावी जाताना बूट धुतलेत का?

थंडी सुरू झाली की कुवेतमधल्या मंगफ, फहाहील, महबुला इथली आपली मंडळी शुक्रवारी वफ्राकडे निघतात. शेतावरची ताजी भाजी घ्यायची, मुलांना शेळ्या-मेंढ्या, उंट दाखवायचे, जमलं तर हातानं चारा द्यायचा. जरूर जा. अहमदी परगण्यात तेलविहिरींपलीकडे गुरंढोरं आणि हिरवं शेत पाहायला मिळतं ते तिथेच. फक्त मुलाचा हात पुढे करण्याआधी मेंढीच्या तोंडाकडे एकदा नीट पाहा.

ओठांच्या कोपऱ्यांत, नाकपुड्यांभोवती काळपट खपल्या किंवा खडबडीत उंचवटे दिसले, तर तो बहुधा मावा, म्हणजे ओर्फ. आपल्याकडच्या शेळीपालकांना हा रोग नवा नाही. कोकरं-करडांना तो जास्त होतो. दूध पिताना त्यांच्या तोंडातून तो आईच्या सडांवर जातो, सड दुखायला लागले की ती पिल्लाला लाथ मारून दूर सारते, आणि मग पिल्लू रोगानं कमी आणि उपासमारीनं जास्त खंगतं. खपली गळली म्हणजे प्रकरण संपलं असंही नाही. गोठ्याच्या सावलीत, कोरड्या जागी पडलेल्या खपलीत हा विषाणू महिनोन् महिने टिकतो.

आणि हा माणसालाही होतो. बोटावर ओरखडा असेल, सुरीनं कापलं असेल, तिथून तो शिरतो. साधारण तीन ते सात दिवसांत लाल गाठ उठते, मग तिचा मोठा, ओलसर फोड होतो. दिसायला भयंकर असतो. पाहणारा घाबरून म्हणतो, चिरून काढा. चिरायचं नाही. झाकून, स्वच्छ ठेवला तर बहुतेकांचा तीन ते सहा आठवड्यांत आपोआप बरा होतो. ताप आला, लाली पसरली किंवा तुमची प्रतिकारशक्ती आधीच कमी असेल, तर मात्र डॉक्टरांकडे जा आणि पहिल्या वाक्यातच सांगा की मेंढीला हात लागला होता. ही एक गोष्ट न सांगितल्यानं नको त्या तपासण्या आणि नको त्या शस्त्रक्रिया होतात. बकरी ईदनंतर असे रुग्ण येतात, हे तुर्कस्तान, फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. आपल्या कोकणातली कितीतरी घरं कुवेतमध्ये ईद करतात, म्हणून त्यांना खास सांगणं: मुंडी साफ करणाऱ्यानं हातमोजे घालावेत, आणि ज्याच्या हाताला जखम आहे त्यानं त्या दिवशी सुरी दुसऱ्याकडे द्यावी.

मावा तसा जिवावर बेतणारा रोग नव्हे, पण त्यापायी काय काय होऊ शकतं ते 2003 साली दिसलं. ऑस्ट्रेलियातून 57,000 हून जास्त मेंढ्या घेऊन निघालेलं ‘कॉर्मो एक्स्प्रेस’ हे जहाज सौदी अरेबियानं नाकारलं. कारण दिलं, सहा टक्के मेंढ्यांना मावा आहे, मर्यादा पाच टक्क्यांची. ऑस्ट्रेलियाला तो आकडा मान्य नव्हता. वाद चालू राहिला आणि मेंढ्या समुद्रावर राहिल्या. ऑक्टोबरमध्ये एरिट्रियानं त्या उतरवून घेतल्या, तोवर सुमारे दहा टक्के मेल्या होत्या.

दुसरा रोग लाळ्या खुरकूत. जनावराच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, ते मचमच आवाज करतं, जिभेवरचे फोड फुटून साल निघते, खुरांच्या बेचक्यात जखमा होतात आणि ते लंगडतं. शेळ्या-मेंढ्यांत तोंडाची लक्षणं इतकी ठळक नसतात, नुसतं लंगडणंच दिसतं. लहान वासरं, करडं कधी काही न दाखवता पटकन मरतात, कारण विषाणू त्यांच्या हृदयाच्या स्नायूवर घाला घालतो. हा रोग माणसाला होत नाही म्हटलं तरी चालेल, इतका क्वचित होतो. पाळणाघरातून तुमच्या मुलाला हात-पाय-तोंडाच्या फोडांचा जो आजार लागतो त्याचा विषाणू निराळा. त्यासाठी कुठल्याही गाईला दोष देऊ नका.

पण माणूस हा रोग वाहून नेतो, आणि मला खरी काळजी त्याचीच आहे. या विषाणूचे सात प्रकार आहेत. भारतात सरकार जी लस मोफत टोचतं ती ओ, ए आणि एशिया-1 या तीन प्रकारांवर आहे, कारण आपल्याकडे तेच फिरतात. 2025 मध्ये मात्र इराक, कुवेत, बहारीन या पट्ट्यात सॅट-1 हा मूळचा आफ्रिकेतला प्रकार आला. कुवेतमध्ये सुलैबियाच्या दुधाळ गाईंच्या गोठ्यांत तो शिरला. आपल्या लसीचं कवच सॅट-1 पुढे चालत नाही. सुट्टीला निघालेल्या एखाद्याच्या बुटाच्या खाचेतलं शेण थेट गावच्या गोठ्यात उतरलं, तर तिथल्या गाईंनी दर सहा महिन्यांनी टोचून घेतलेली लस असून नसल्यासारखी.

म्हणून जवाखीरमध्ये, म्हणजे गुरांच्या वाड्यांवर, काम करणाऱ्यांनी आणि तिथे ये-जा करणाऱ्या ड्रायव्हरांनी कामाचे बूट-कपडे गावी नेऊच नयेत. न्यायचेच असतील तर आधी ब्रशनं चिखल-शेण पूर्ण काढा, मग धुण्याचा सोडा लिटरभर पाण्यात 40 ग्रॅम या मापानं विरघळवून त्यात तळवे चांगले भिजवा. सोडा महाग नाही, आणि हा विषाणू आम्ल आणि अल्कली दोन्हींपुढे टिकत नाही. घरी पोचल्यावर पाच दिवस गोठ्यात जाऊ नका. आई म्हणेल, गाय तुझी वाट बघतेय. बघू दे. आणि बॅगेत कच्चं मांस, कातडं, शेतावरून घेतलेलं घरगुती चीज काही नको.

जनावरांच्या तोंडावरच्या बाकी गाठींचं थोडक्यात सांगतो. काटेरी झुडपं चघळणाऱ्या उंटाच्या किंवा गाईच्या जबड्याचं हाड सुजून टणक झालं, पुवात पिवळे कण दिसले, तर ती काट्याच्या जखमेतून शिरलेल्या जीवाणूची करामत असते. औषध लवकर सुरू झालं तर उपयोग. वासरांच्या तोंडावरचे चामखीळ बहुधा काही महिन्यांत गळतात. त्यांना ॲसिड लावू नका, दोऱ्यानं आवळू नका.

गावाहून व्हॉट्सॲपवर ‘शेळीच्या तोंडाला काय झालंय बघ’ म्हणून फोटो येतोच. इथून औषधाचं नाव सुचवायची घाई करू नका. त्यांना म्हणा, खुरांचा फोटो पाठवा, ताप बघा, डोळ्यांतून घाण येते का आणि हगवण आहे का ते सांगा. ताप, शेंबूड आणि हगवण एकत्र असेल तर तो पीपीआर हा शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग असू शकतो, आणि तो कळपच्या कळप साफ करतो. आजारी जनावर वेगळं बांधा, आठवडी बाजारात अजिबात नेऊ नका, 1962 ला फोन करून पशुवैद्यकांची फिरती गाडी बोलवा. ग्रामपंचायतीला कळवणं हे जनावरांच्या साथरोगांबाबतच्या 2009 च्या कायद्यानं मालकाचं कामच आहे. फोन लागत नसेल तर तालुक्याच्या दवाखान्यात माणूस पाठवा, पण त्याला सांगा, गोठ्यातल्या चपला काढून, हात धुऊन जा.